एफडी मोडण्याआधी नेमणूकपत्र वाचा

प्रश्न: मी भोसरीला राहतो. मुलीचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. चाकणच्या एका कंपनीत महिना १८,००० रुपयांवर ट्रेनी म्हणून घेताहेत. इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात घातलं तर वर्षाची फी १,४५,००० रुपये, त्यात ट्यूशन फी १,२५,०००. आमचं वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाख. तिच्या लग्नासाठी ठेवलेली पाच लाखांची एफडी मोडू का?

उत्तर: तुम्ही प्रवर्ग लिहिला नाहीत, आणि सगळं तिथेच अडलंय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा ओबीसीत बसत असाल आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तीन वर्षांच्या ४,३५,००० मधले ३,७५,००० वाचले. उरलेले वर्षाचे वीस हजार घरच्या उत्पन्नातून निघतील.

आणखी एक अट, आणि ती कडक: प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात सवलत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही नाही. पुण्यात ती बरीच आहेत, म्हणून सांगतो. दाखले आत्ताच काढायला टाका. तहसीलच्या रांगेमुळे हातची सीट गेलेली मी पाहिली आहे.

खरा खर्च फीचा नाहीच, तो बुडणाऱ्या पगाराचा आहे. १८,००० गुणिले ३६ म्हणजे ६,४८,०००. त्यात तीन वर्षांच्या उरलेल्या फीचे साठ हजार मिळवा, ७,०८,०००. डिग्रीनंतर तिला डिप्लोमावाल्यापेक्षा महिन्याला चारच हजार जास्त मिळणार असतील, तर हे भरून निघायला जवळजवळ पंधरा वर्षं. फरक बारा हजारांचा असेल तर पाच. म्हणून कॉलेजला सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका, ते तर फ्लेक्सवर असतंच. तिच्या ब्रँचची किती मुलं लागली आणि यादीतल्या मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचारा.

पण तिच्या पगाराचे ते जवळजवळ साडेसहा लाख तरी पक्के आहेत का? नेमणूकपत्र नीट वाचा. ‘अप्रेंटिस’ असं लिहिलं असेल तर पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्यविमा) नाही, आणि मुदत संपल्यावर कायम करायचं बंधनही कंपनीवर नसतं. मग छत्तीस महिने धरणंच चूक. बारा धरा, २,१६,०००. पीएफ कापणारी, कायम होण्याची वाट असलेली नोकरी असेल तर पारडं बरंच फिरतं.

माझं मत: माफी लागू होत असेल, कॅपमधून बरं कॉलेज मिळत असेल आणि कागदावर अप्रेंटिस लिहिलं असेल, तर डिग्रीच. मॅनेजमेंट कोट्यातली पूर्ण फीची सीटच उरली, तर बिनदिक्कत चाकणला पाठवा. अनुभव गाठीशी आला की नोकरी करणाऱ्यांसाठी एआयसीटीईने (तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची संस्था) मान्यता दिलेले संध्याकाळचे बी.टेक. आहेत, तेव्हा फी ती स्वतः भरू शकेल. माफीत बसत नसाल आणि तरी डिग्रीच हवी असेल, तर शैक्षणिक कर्ज बघा. चार लाखांपर्यंत बँक सहसा तारण मागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात.

एफडी दोन्हीकडे तशीच राहते. आणि हो, तिला स्वतःला काय करायचंय, ते पत्रात कुठेच नाही.