गोवा क्रूझने निराशा झाली, आता दुसऱ्या कंपनीचं जहाज घ्यावं का?

हो, कंपनी बदला, पण आईबाबांना त्रास नेमका कशाचा झाला ते आधी वेगळं काढा. तुम्ही लिहिलंय की मुंबईहून सुटलेल्या त्या जहाजावर आईबाबांची खोली कोंदट होती, बाबांना रात्रभर मळमळ झाली आणि जेवणात साधं वरण-भातही धड नव्हतं. मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या जहाजांवर राहिले आहे. यातली मळमळ कंपनीमुळे होत नाही, खोलीच्या जागेमुळे होते. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वात कमी लागतात. टोकाची किंवा वरची खोली घेतली, तर कोणतंही जहाज असो, बाबांचं तेच होईल. कोंदटपणा बिनखिडकीच्या खोलीचा. थोडे जास्त पैसे गेले तरी खिडकीवालीच घ्या, म्हाताऱ्या माणसांना पहाट झालेली दिसली पाहिजे. जेवणासाठी मात्र कंपनी बदलणंच बरं, आणि शाकाहारी जेवण बुकिंग करतानाच लेखी नोंदवा.

सिंगापूरहून सुटणाऱ्या परदेशी जहाजांवर तिकिटाच्या पैशांव्यतिरिक्त रोज माणशी साधारण 15 ते 20 अमेरिकी डॉलर सेवाशुल्क लागतं, ते धरूनच तुलना करा. पुन्हा मुंबईहूनच जाणार असाल, तर तुमच्या धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसने आदल्या दिवशीच पोहोचा. गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही.