बोटीतली पाण्याची टाकी गळते आहे. इपॉक्सी लावून भागेल, की टाकीच बदलावी लागेल?

तुम्ही लिहिलंय की टाकी स्टेनलेस स्टीलची, २०० लिटरची, केबिनच्या बाकाखाली आहे. रात्री सगळे नळ बंद असताना पंप मधूनच चालू होतो आणि सकाळी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, पाणी सापडतं. यातली पंपाची गोष्ट मला खटकते. टाकी पंपाच्या अलीकडे असते. ती गळाली तर पंपाला पत्ताही लागत नाही. पंप आपणहून चालू होतो तो त्याच्या पुढच्या, दाबाखालच्या भागातला दाब उतरला म्हणून. म्हणजे एखादा होजचा सांधा, नळ, वॉटर हीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा पंपाचाच आतला व्हॉल्व्ह. तेव्हा टाकीला हात लावण्याआधी तीच दोषी आहे हे सिद्ध करा.

त्यासाठी बिल्ज कोरडं पुसा, पंपाचा स्विच बंद करा, टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि रात्र जाऊ द्या. पातळी जागची हलली नाही तर टाकी निर्दोष सुटली. गळती पाइपांत शोधा. पातळी उतरत गेली तर ती कुठे थांबते ते पाहा, भोक साधारण त्याच उंचीवर असतं. टाकी काठोकाठ भरल्यावरच गळत असेल तर संशय तपासणीच्या झाकणाच्या गॅस्केटवर आणि वरच्या भरणीच्या होजवर घ्या. ही दुरुस्ती तासाभराची आहे. बिल्जमध्ये पावसाचं, समुद्राचं, शॉवरचं, सगळंच पाणी जमतं, म्हणून टाकीत थोडा खाण्याचा रंग घातला तर ओळख पटते.

आता धरून चालू की टाकीच गळते आहे. स्टेनलेसला बारीक भोकं पडतात ती बहुधा वेल्डिंगच्या कडेला, तळाशी साचलेल्या गाळाखाली, किंवा बाहेरून जिथे ओलं लाकूड वा फोम पत्र्याला चिकटून राहतो तिथे. अशा जागी हवा पोचत नाही, पत्र्यावरचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही आणि पाण्यातलं क्लोराइड पत्रा पोखरत जातं. तुम्हाला दिसतंय ते आरपार गेलेलं भोक. अर्ध्यावर पोचलेली आणखी किती आहेत ते बाहेरून कळत नाही, आणि माझा इपॉक्सीला विरोध आहे तो याचसाठी. बाहेरून लावलं तर आतलं पाणी त्याला ढकलत राहतं. आतून, पत्रा पूर्ण कोरडा करून, खरवडून, पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं इपॉक्सी लावलं तर हंगाम निघू शकतो, पण पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीत बसवलेल्या आडव्या पडद्यांपलीकडे हात पोचला पाहिजे. पत्रा चांगला जाड असेल आणि नुसती वेल्डची शिवण उकलली असेल, तर मात्र टाकी बाहेर काढून वेल्ड करून घेणं योग्य. पत्रा पोखरलेला असेल तर एक भोक बुजवताना शेजारी दुसरं पडतं.

(प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिइथिलीनची टाकी असलेल्यांसाठी: त्यावर इपॉक्सी धड चिकटतच नाही. गळती बहुतेकदा फिटिंगपाशी असते, आणि ते आणखी आवळलं की तडा वाढतो.)

बदलायची ठरली तर पहिली अडचण अशी की मूळ टाकी बरेचदा डेक बसवण्याआधी आत ठेवलेली असते आणि दारातून बाहेर निघत नाही. तिथेच कापावी लागते. कापायला ग्राइंडर नको, करवत वापरा. ग्राइंडरच्या ठिणग्या इंधनाच्या किंवा गॅसच्या वाफेला पेटवू शकतात, आणि तापलेले कण बोटीच्या फायबरग्लासमध्ये रुतून पुढे गंजाचे डाग पडतात.

नवी एकच मोठी टाकी घेऊ नका. मी माझ्या बोटीत एका मोठीच्या जागी दोन लहान पॉलिइथिलीनच्या टाक्या बसवल्या, प्रत्येकीला वेगळा व्हॉल्व्ह. एक गेली तरी दुसरीत पाणी उरतं, आणि त्या दारातून आत-बाहेर करता येतात. आधी पुठ्ठ्याची त्याच मापाची पेटी करून ती दारातून नेऊन पाहा. फिटिंगची उंचीही मापात धरा. पॉलिइथिलीन पाणी भरल्यावर फुगतं, म्हणून बनवणारा सांगेल तेवढी फट सोडा. तळाला सगळीकडून आधार हवा, मध्ये पाणी न शोषणारी रबराची पट्टी, आणि वरून भक्कम पट्टे. १०० लिटर म्हणजे १०० किलो. लाटेत ते वजन जागेवर बसून राहत नाही.

गळती तपासायला कॉम्प्रेसर लावू नका. पाण्याच्या फक्त १ मीटर उंचीइतका दाबही दर चौरस मीटरला सुमारे १ टन भार टाकतो. बाक परत ठोकण्याआधी टाकी भरणीच्या तोंडापर्यंत भरून एक दिवस ठेवा, पुरे. मग ५ टक्क्यांचं, वास नसलेलं ब्लीच दर लिटरला १ मिलि घालून ४ तास ठेवा आणि नळ वाहते ठेवून स्वच्छ धुवा.

आणि हो, हवेची नळी नक्की पाहा. ती कीटकांच्या घराने किंवा मिठाने बुजली असेल, तर जोरदार होजने पाणी भरताना टाकी फुगून शिवण उकलते. तुमच्या जुन्या टाकीचं हेच झालं असेल, तर नळी मोकळी केल्याशिवाय नवी टाकी भरू नका.