एकांतात राहिल्याने विचारशक्ती आणि सर्जनशीलता खरंच वाढते का?

माझं उत्तर हो असं आहे. कच्चा विचार चारचौघांत मांडला की त्यावर लगेच मतं येतात आणि तो तिथेच सुकतो. एकांतात त्याला पिकायला वेळ मिळतो.

गटात बसलं की जास्त सुचतं, हा समज फार पक्का आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तो तपासला गेला. काही जणांना चार-चारच्या गटात बसवलं, इतरांना एकेकटं. मग एकट्यांपैकी चौघा-चौघांच्या कल्पना एकत्र करून मोजल्या. एकट्यांचं पारडं स्पष्टपणे जड ठरलं. याचं मुख्य कारण डील आणि स्ट्रोब या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं: बोलायची आपली पाळी येण्याची वाट पाहणं. त्यांनी एका प्रयोगात माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, पण दुसरा बोलत असेल तर दिवा लागायचा आणि थांबावं लागायचं. तेवढ्यानेही सुचणं कमी झालं! मीटिंगमध्ये मला हे नेहमी जाणवतं. आपला मुद्दा निसटू नये म्हणून तो मनात घोळवत बसावं लागतं, मग पुढचं सुचणार कधी?

गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. फर्माचं शेवटचं प्रमेय या शतकानुशतकं न सुटलेल्या गणिती कोड्यावर १९८६ पासून जवळजवळ सात वर्षं त्यांनी गुपचूप काम केलं. शिकवणं चालू होतं, घरसंसार होता. जगापासून ते तुटले नव्हते, फक्त हा एक प्रश्न त्यांनी इतरांच्या चर्चेपासून लांब ठेवला. १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केल्यावर तपासणीत एक त्रुटी सापडली, आणि ती १९९४ मध्ये रिचर्ड टेलर यांच्या साथीने दूर झाली. म्हणजे माणसं लागतातच, पण विचार उभा राहिल्यावर.

लादलेलं एकटेपण मात्र वेगळं. त्यात मन खंगतं, त्याला मी एकांत म्हणणार नाही. हातात फोन घेऊन एकटं बसणंही एकांतात मोडत नाही, कारण तिथे शंभर जण बोलतच असतात.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर एकच प्रश्न, कागद आणि पेन घेऊन बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला कंटाळा येतो, नको नको ती कामं आठवतात. तेवढ्यात उठू नका. मला कामाचं जे काही सुचतं, ते बहुतेक वेळा या कंटाळ्यानंतरच सुचतं.