बेटावर जिन ही दारू काढायला निघालेल्या तुम्हा दोघांना

स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांवर राहायला गेलं की किनाऱ्यावरचं सगळंच भांड्यात घालावंसं वाटतं. मोह आवरा. जिन म्हणजे आधी जुनिपर, एका काटेरी झुडपाची सुगंधी फळं. तो, धणे आणि अँजेलिका या सुगंधी वनस्पतीचं मूळ, एवढ्यावर चव बसवा. मग बेटाचं एकच काहीतरी घाला. तिथल्या हॅरिस बेटाच्या जिनमध्ये शुगर केल्प हे समुद्री शेवाळ असतं, बॅरा बेटाच्या जिनमध्ये कॅरागीन हे दुसरं शेवाळ. तेवढ्यानेही ओळख तयार होते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एचएमआरसीची (ब्रिटनच्या कर खात्याची) मंजुरी येण्याआधीच भट्टी लावतात. घरच्यापुरती काढायलाही सूट नाही.
- लोभाने भट्टीतून शेवटी गळणारी धारही बाटलीत घेतात. मधली धार स्वच्छ, गोडसर लागते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला की थांबा.
- काढलेली जिन पातळ करायला पाणी घाईने ओततात. सावकाश घाला. दुधाळ झाली तर तेलं जास्त उतरलीत, पुढच्या वेळी वनस्पतींचं प्रमाण कमी करा. अल्कोहोलच्या ३७.५ टक्क्यांच्या खाली मात्र जाऊ नका. कायद्याने ती जिनच राहत नाही.

स्कॉटलंडमधला रानचा जुनिपर रोगाने खंगतोय, कृपा करून तो ओरबाडू नका. वाळलेला विकत मिळतो. हिवाळ्यात वादळाने फेरीबोटी रद्द होतात, म्हणून बाटल्या-बुचं आधीच भरून ठेवा. वनस्पती वाफेत टांगायच्या टोपलीचं पुढे बघू. तुम्हाला हे नक्की जमेल.