लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी जुन्या खेळांचे सेव्ह कुठे आहेत, ते शोधा

तुम्ही लिहिले आहे की खारघरच्या घरातला विंडोज ७ चा लॅपटॉप आता मध्येच बंद पडतो, तो दुरुस्तीला द्यायचा आहे, त्यातले ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ आणि ‘बाल्डर्स गेट’ या संगणकावरच्या खेळांचे महाविद्यालयीन काळातले सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला त्याच्या साठवलेल्या नोंदी, वाचवायचे आहेत आणि सीडी नव्या लॅपटॉपवर चालत नाहीत. या सगळ्यातून मी गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. खेळ विकत कसा घ्यावा आणि कसा बसवावा, हे तुम्हाला ठाऊक असणार असे गृहीत धरतो.

लॅपटॉप कोणाच्याही हाती देण्यापूर्वी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. माझा लॅपटॉप मी ठाण्यातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिला होता. डेटा महत्त्वाचा आहे, हे जॉबशीटवर लिहून घेतले होते आणि बॅकअपचे वेगळे पैसेही भरले होते. बिघाड चार्जिंगच्या सॉकेटमध्ये होता, म्हणजे डिस्कला हात लावण्याचे काही कारणच नव्हते. तरीही त्यांनी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स एवढेच फोल्डर कॉपी केले, संपूर्ण डिस्क फॉरमॅट केली आणि तिच्यावर विंडोज नव्याने टाकून दिले. मामेभाऊ आणि मी एकाच संगणकावर आळीपाळीने खेळत एका पावसाळ्यात उभी केलेली हीरोजची लढाई त्यात होती, ती गेली. विचारायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी जॉबशीटच्या मागची बारीक अक्षरांतली अट दाखवली आणि ‘गेमच होते ना, परत खेळा’ असे सांगितले. ज्या कामाचे पैसे घेतले, त्याची जबाबदारी मात्र नाही, हा व्यवहार मला आजही मान्य नाही. बिघाड कोणता आहे हे पाहण्याआधीच फॉरमॅट करून मोकळे व्हायची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि तिच्यामुळे लोकांचे फोटो आणि हिशेबही जातात.

हे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये का नव्हते, ते समजून घ्या. त्या काळातले बहुतेक खेळ आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहीत असत. व्हिस्टापासून विंडोजने तिथे लिहिण्यावर बंधन आणले. पण जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून ते लेखन गुपचूप दुसरीकडे वळवले. ती जागा म्हणजे यूझर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये अ‍ॅपडेटा, त्यात लोकल आणि त्यात व्हर्च्युअलस्टोअर. अ‍ॅपडेटा हा लपवलेला फोल्डर असल्यामुळे लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय आधी चालू करावी लागते. हीरोजचे सेव्ह ‘गेम्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात; एकट्याने खेळलेल्यांच्या फाइलनावाशेवटी जीएम१ (.gm1) आणि दोघांनी खेळलेल्यांच्या शेवटी जीएम२ (.gm2) असते. बाल्डर्स गेटचा प्रत्येक सेव्ह हा वेगळा फोल्डर असतो आणि त्यात बाल्डर नावाची, शेवटी गॅम असलेली (baldur.gam) फाइल असते. केवळ सेव्ह न उचलता खेळाचा अख्खा फोल्डर उचला, कारण सेव्ह ज्या आवृत्तीत केला त्याच आवृत्तीत तो उघडेल, एवढीच खात्री धरावी.

काढलेली डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत, घालून नव्या लॅपटॉपला जोडता येते. असे केसिंग ठाणे किंवा वाशी स्टेशनजवळच्या संगणकाच्या दुकानांत सहज मिळते. मी तंत्रज्ञ नाही, तेव्हा डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर माझे ऐकून ती पुन्हा पुन्हा चालू करू नका. ते काम डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराचे आहे.

सीडी मात्र घासत बसू नका. दोष बहुधा तिच्यात नाही. त्या काळच्या अनेक सीडींवर सेफडिस्क नावाचे नक्कलविरोधी कुलूप असे. त्यासाठी विंडोजमध्ये लागणारा ड्रायव्हर (छोटा साहाय्यक प्रोग्राम) सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरल्याने 2015 मध्ये आलेल्या विंडोज १० मधून तो वगळला गेला. अशी सीडी आता अस्सल असूनही ओळखली जात नाही.

हीरोज पुन्हा घेणार असाल, तर 2015 ची एचडी आवृत्ती टाळा, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रे सुबक असली तरी तिच्यात मूळ खेळाचे दोन्ही विस्तार, म्हणजे नंतर आलेल्या पुरवण्या, नाहीत. ते दोन्ही असलेली ‘कम्प्लीट’ आवृत्ती जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर मिळते आणि ती चालवायला सीडी लागत नाही. बाल्डर्स गेटची 2012 ची सुधारित आवृत्ती मला मूळ 1998 च्या खेळापेक्षा सोयीची वाटते, पण यावर मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. बाल्डर्स गेटचा 2023 चा तिसरा भाग खेळून मागे वळत असाल, तर एक सूचना: जुने भाग डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर आधारलेले आहेत, त्यामुळे तिथे आर्मर क्लासचा, म्हणजे पात्राच्या बचावाचा, आकडा जितका कमी तितके संरक्षण अधिक, आणि मांत्रिकाला मंत्र आधीच निवडून, विश्रांती घेऊनच वापरता येतात. हे न कळल्यामुळे पहिल्याच खाणीत कंटाळून खेळ सोडलेले काहीजण माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या खेळाची खरी गोडी त्यापुढेच सुरू होते.

व्हर्च्युअलस्टोअर रिकामे दिसले, तर लगेच आशा सोडू नका. खेळ डी ड्राइव्हवर किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलेला असेल, किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवत असाल, तर लेखन वळवलेच गेले नसेल आणि सेव्ह खेळाच्या मूळ फोल्डरमध्येच असतील. तिथेही नसतील, तर वर दिलेल्या फाइलींच्या नावांनी सगळी डिस्क शोधून पाहा आणि काय दिसते ते इथे कळवा. तोपर्यंत लॅपटॉप दुरुस्तीला देऊ नका.