डिस्चार्जच्या दिवशी खिशातून किती गेले?

वाचक विचारतात : या महिन्याचा विषय आरोग्य विमा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. तेव्हापासून या सदराकडे विम्याचीच पत्रं जास्त येतात. कुणी सरकारचे आभार मानतं, कुणी कंपन्यांवर चिडलेलं असतं. मी निवृत्त होईपर्यंत पणजीतल्या एका विमा कार्यालयात दाव्यांच्या टेबलावर काम केलं. हप्ता भरणारे दुसऱ्या खिडकीवर जायचे. माझ्याकडे यायचे ते इस्पितळातून बिलांची पिशवी घेऊन. त्यामुळे कुठलीही सुधारणा मी हप्त्यावरून मोजत नाही. पेशंट घरी न्यायच्या दिवशी कुटुंबाच्या खिशातून किती गेले, हे मी आधी विचारते.

"फोंड्यात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. माझं वय ५८, पत्नीचं ५४. दोघांची मिळून पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी. गेल्या वर्षी हप्ता ४२,००० आणि कर ७,५६०, असे ४९,५६० भरले. यंदा कर नाही म्हणून आनंदात होतो, तर नोटीस आली ४८,३०० ची. शेजारचा दुकानदार म्हणतो, सरकारने दिलं ते कंपनीने काढून घेतलं, पॉलिसी सोडून द्या. शिवाय आई ७६ वर्षांची आहे, तिला कुठलीच कंपनी घेत नाही. काय करावं?" — एक वाचक, फोंडा

पॉलिसी सोडू नका. शेजाऱ्याचा राग मात्र मला समजतो. तुमचा मूळ हप्ता ४२,००० वरून ४८,३०० झाला, म्हणजे १५ टक्के वाढ. कर गेल्याचा फायदा ७,५६० चा, हातात राहिले १,२६०.

याला दोन कारणं असू शकतात. वय वाढलं की हप्त्याचा टप्पा बदलतो, हे पहिलं. दुसरं कराशी जोडलेलं आहे. कंपनी कमिशनवर, भाड्यावर, संगणकाच्या कामावर जीएसटी भरते. पूर्वी तो तुमच्याकडून घेतलेल्या करातून वळता करता यायचा. आता हप्ता करमुक्त झाल्यावर ते क्रेडिट मिळत नाही, आणि तो बोजा कुठेतरी बसतोच. हे खरं आहे, पण १५ टक्क्यांना ते कारण पुरतं का, हे कंपनीने तुम्हाला सांगायला हवं. लेखी विचारा : वाढीतला किती भाग वयाच्या टप्प्यामुळे आणि किती दर बदलल्यामुळे? तुम्ही साठीच्या पुढे असता तर थोडं संरक्षण होतं. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी बोलावं लागेल, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. अठ्ठावन्नच्या माणसाला तो लागू नाही, आणि माझ्या मते ही त्या आदेशातली मोठी उणीव आहे. पन्नाशी ते साठी याच वयात आजार सुरू होतात आणि कंपनी बदलणंही तेव्हाच कठीण होतं.

आता हप्ता बाजूला ठेवा आणि पॉलिसीतलं खोलीभाड्याचं कलम काढून वाचा. पाच लाखांच्या बऱ्याच जुन्या पॉलिसींत खोलीला विमा रकमेच्या एक टक्का मर्यादा असते, म्हणजे दिवसाला ५,०००. समजा पत्नीची शस्त्रक्रिया झाली आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. चार दिवसांचे वरचे १२,००० आपण भरू, असा तुमचा हिशेब असेल. माझ्या टेबलासमोर बसलेल्या बहुतेकांचा तोच असायचा. कंपनीचा हिशेब वेगळा होतो. पाच भागिले आठ, म्हणजे साडेबासष्ट टक्के, आणि हे प्रमाण खोलीशी जोडलेल्या सगळ्या खर्चाला लागतं : सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट. तो खर्च १,६०,००० असेल तर मंजूर होतात १,००,०००. खोलीचे ३२,००० पैकी २०,०००. औषधं आणि तपासण्यांचे ६०,००० पूर्ण मिळतात. एकूण बिल २,५२,०००, कंपनी देणार १,८०,०००, तुमच्या खिशातून ७२,०००. करात वाचलेले ७,५६० या आकड्यापुढे ठेवून बघा.

औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना ही कपात लावता येत नाही, असं आयआरडीएआयने २०२० मध्येच सांगितलं आहे. खोलीप्रमाणे दर न बदलणाऱ्या इस्पितळातही ती लागत नाही. कपात झालीच तर या मुद्द्यांवर बोट ठेवून भांडा.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा की खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी शोधा आणि पोर्टिंग करा, म्हणजे आपला विमा त्या कंपनीकडे वळवा. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो, नव्या कंपनीत जमा धरतात. नवी कंपनी तपासणी करून नाही म्हणू शकते, तेव्हा तिचा होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. ग्राहक माहिती पत्रक नावाचा एक कागद प्रत्येक कंपनीला द्यावा लागतो, मागितलात तर स्थानिक भाषेत. मराठीत मागा. खोलीभाडं, को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा), प्रतीक्षा काळ हे सगळं त्यात असतं.

आईसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे इस्पितळातले उपचार त्यावर मिळतात. आधार कार्ड लागतं. घरात खाजगी विमा आहे म्हणून कार्ड नाकारता येत नाही. कुठल्या इस्पितळात चालतं, हे आई बरी असतानाच विचारून ठेवा.

"आमच्या वाचनालयात संध्याकाळी जमतो तिथे वाद पेटला आहे. एक गट म्हणतो, सरकारने सगळ्यांना विम्याचं मोठं कार्ड द्यावं, लोक हवं त्या इस्पितळात जातील. दुसरा म्हणतो, तोच पैसा गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात घाला. तिसऱ्याचा भाचा अमेरिकेत आहे, तो सांगतो की तिथेही याच्यावरूनच भांडतात. तुमचं मत काय?" — निवृत्त शिक्षक, साखळी

गुरुजी, माझं मत आहे आधी गोमेकॉ, मग कार्ड. पण कार्डवाल्या गटाला मी मोडीत काढणार नाही.

आपली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, अट गोव्यात पाच वर्षं वास्तव्याची. उत्पन्नाची अट न घालता राज्यातल्या सर्वसामान्य कुटुंबांना कार्ड देणं ही मोठी गोष्ट होती. शस्त्रक्रियेची तारीख लांबची मिळाली आणि ती शस्त्रक्रिया यादीत असली, तर कार्डवाला दुसरीकडे जाऊ शकतो. शेत किंवा दागिने गहाण न ठेवता माणूस बरा होऊन घरी येतो. कार्डवाले राष्ट्रीय आकडाही दाखवतील : देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ते श्रेय एकट्या विम्याचं नाही, त्यात सरकारचा थेट खर्चही आहे, पण कार्डांनी मदत केली हे मान्य करायला हवं.

माझी अडचण वेगळी आहे. कार्ड बिल भरतं. खाट, नर्स, रात्री दोन वाजता जागा असलेला डॉक्टर कार्डातून येत नाही. ते आधीच कुठेतरी असावं लागतं, आणि खाजगी इस्पितळं जिथे गिऱ्हाईक तिथेच उभी राहतात. पणजी, मडगावात कार्डवाल्याला पर्याय आहेत. सत्तरी तालुक्यातल्या किंवा काणकोणच्या आतल्या गावातल्या माणसाने ते कार्ड घेऊन रात्री कुठे जायचं? त्याचं पहिलं दार प्राथमिक आरोग्य केंद्रच.

छातीत दुखण्याचंच बघा. २०१८ पासून स्टेमी गोवा उपक्रमात आरोग्य केंद्रातच ईसीजी काढून गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतात आणि त्यांनी सांगितलं की रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे, फुकट देतात. बाजारात ते हजारोंचं आहे. मग १०८ ने बांबोळीला. तिथे कुणी पॉलिसी नंबर विचारत नाही, पूर्वमंजुरीची वाट बघत नाही. हार्टअटॅकमध्ये पहिला तास सगळ्यात मोलाचा, आणि तो इथे कागदांत जात नाही. सार्वजनिक पैशाचा याहून चांगला उपयोग मला दाखवा. शिवाय मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, ज्यात पेन्शनीतले पैसे महिनोन् महिने जातात, त्या इस्पितळात दाखल झाल्यावर चालणाऱ्या कार्डात येत नाहीत. आरोग्य केंद्राच्या खिडकीत गोळी असली तर ती मिळते.

कार्डाचा पैसा वेळेवर पोचला नाही की काय होतं, तेही वाचनालयात सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खाजगी इस्पितळांनी थकबाकीसाठी आयुष्मानचे उपचार थांबवले होते. कार्ड खिशात, दार बंद.

गोमेकॉचा खर्चही कुणीतरी सोसतो, हे दुसऱ्या गटानेही विसरू नये. जानेवारी २०१८ पासून तिथे राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढा असंतोष उसळला होता! पिढ्यान्‌पिढ्या तिकडची माणसं बांबोळीला येतात, आमच्या अर्ध्या सोयरिकी तिकडे आहेत. मला त्या शुल्काचं वाईट वाटलं, आणि गोव्याच्या करदात्याने दोन राज्यांचा भार किती उचलायचा हा प्रश्नही खरा वाटला. अशा ठिकाणी कार्ड उपयोगी पडतं : रुग्ण आपल्या राज्याचा पैसा बरोबर घेऊन येतो. सरकारी इस्पितळाला मिळणारं कार्डाचं उत्पन्न त्याच इस्पितळात खाटा आणि नर्स वाढवायला वापरलं, तर दोन्ही गटांचं भांडण निम्मं मिटेल.

अमेरिकेबद्दल भाचा खरं सांगतो. तिथे २०१० मध्ये आरोग्य विम्याचा कायदा झाला. २०१४ पासून जुना आजार आहे म्हणून कंपनीला विमा नाकारता येत नाही, आणि वयस्कर माणसाचा हप्ता तरुणाच्या तिपटीवर नेता येत नाही. आपल्याकडे असं तिपटीचं बंधन नाही, आणि जुन्या आजारासाठी अजून तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, पूर्वी चार होती. ते संरक्षण मला आपल्याकडे हवं आहे. पण ते फुकट मिळत नाही. तिथे हप्त्यासाठी सरकार अनुदान देतं, आणि वाढीव अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही यावरून १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस त्यांचं सरकारी कामकाज बंद पडलं. आजारी माणसाला सामावून घ्यायचं तर निरोगी माणसाने किंवा सरकारने पैसे घालावे लागतात. कोण घालणार, हे न सांगता मोठं कार्ड मागणाऱ्या पुढाऱ्याला तुम्ही वाचनालयात बोलवा आणि हेच विचारा.

"वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, वय २९. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे. वेगळी पॉलिसी कशाला?" — एक वाचक, कुठ्ठाळी

कारण नोकरी गेली की तो विमाही जातो, आणि तेव्हा तुमचं वय २९ नसेल. लहानशी का होईना, स्वतःची पॉलिसी आत्ता घ्या, म्हणजे प्रतीक्षा काळ निरोगी असतानाच सरेल. नोकरी सोडताना ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. एचआरला आधी विचारा, शेवटच्या दिवशी नको.

"यजमान जानेवारीत गेले. आझिलोतून, म्हणजे इथल्या सरकारी इस्पितळातून, त्यांना खाजगी इस्पितळात हलवलं होतं. सहा वर्षं न चुकता हप्ता भरला. आता कंपनी म्हणते, पॉलिसी घेताना रक्तदाब लपवला, दावा नामंजूर. एजंट फोन उचलत नाही. मी फारशी शिकलेली नाही." — एक वाचक, म्हापसा

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हार मानू नका, नियम तुमच्या बाजूने आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की आजार सांगितला नव्हता या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच. २०२४ पर्यंत ही मुदत आठ वर्षं होती, ती पाचवर आणली. हप्त्याच्या बातम्यांच्या गर्दीत ही सुधारणा कुणाच्या लक्षातही आली नाही, आणि माझ्या मते तिच्याइतकी कामाची दुसरी नाही. दावा कुणा एका अधिकाऱ्याने परस्पर नाकारायचा नसतो. त्याला कंपनीच्या समितीची मंजुरी लागते, आणि कुठल्या कलमाखाली नाकारला ते कळवावं लागतं.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र द्या. पॉलिसीचा नंबर, पहिल्या पॉलिसीची तारीख आणि "६० महिन्यांचा काळ पूर्ण झाला आहे" एवढं वाक्य पुरे. पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. गोव्यासाठी ते पुण्याच्या कार्यालयात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि सुनावणी व्हिडिओवरूनही होऊ शकते. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे, ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नामंजुरीचं पत्र, सहाही वर्षांच्या पावत्या आणि इस्पितळाची डिस्चार्ज समरी यांच्या झेरॉक्स संपादकांच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. मूळ कागद पाठवू नका. अर्ज मी लिहून देते, तुम्ही फक्त सही करा.