स्लॅब फोडू का?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे स्लॅबमधली (ग्रेड देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेली) दोन नाणी आहेत, एक १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया, एमएस ६२ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेल्या नाण्याचा ६० ते ७० मधला ग्रेड), आणि दुसरा १९४७ चा निकेलचा वाघवाला रुपया, एमएस ६४. दोन्ही इथेच लिलावात घेतली, ग्रेडिंग अमेरिकन कंपनीचं. मला दोन्हींना एकेक ग्रेड कमी दिलाय असं वाटतं. मित्र म्हणतो स्लॅब फोड आणि नव्याने पाठव. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी १९११ चा विषय संपवू. तो कुठेही पाठवू नका. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षं झालेलं नाणं पुरातन वस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवायची तुम्हाआम्हाला परवानगी नाही, मग ते परत येणार असलं तरी. काही जण पार्सलवर भलतंच काही लिहून पाठवतात, मला ते अजिबात पटत नाही, नाणं कस्टममध्ये अडकलं तर नाणंही जातं आणि मागे कटकट लागते. आणि खरं सांगू, त्या रुपयाला ६२ काय नि ६३ काय, लोक तो घेतात राजाच्या झग्यावरच्या हत्तीसाठी. सोंड इतकी आखूड होती की लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली, बरेचसे रुपये परत वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. तुमच्या नाण्यावर तो हत्ती स्वच्छ दिसतोय ना, मग झालं.

१९४७ च्या रुपयाचा मात्र विचार करता येईल. रात्री बाकीचे दिवे बंद करा, एकच टेबल लॅम्प ठेवा, स्लॅब हातात धरून हळूहळू तिरका करत फिरवा. उजेडाचा पट्टा नाण्यावरून सलग गोल फिरला पाहिजे. राजाच्या गालावर, कानावरच्या केसांवर आणि वाघाच्या पाठीवर तो पट्टा तुटून राखाडी डाग दिसला तर तिथे घासलंय. मग पाचपट भिंगातून गाल बघा, कारण नजर आधी तिथेच जाते आणि गालावरची एक चीर कडेच्या चार चिरांपेक्षा जास्त नडते. फक्त चीर नाण्यावर आहे की प्लॅस्टिकवर हे नक्की करा, यात भलेभले फसतात.

एवढं करूनही नाणं ६५ चं वाटलं तर स्लॅबसकट फेरविचाराला पाठवा, रिकन्सिडरेशन म्हणतात त्याला. ग्रेड वाढवण्यासारखा वाटला तर वाढवतात, नाहीतर आहे त्याच ग्रेडमध्ये परत येतं. पण त्याआधी ६४ आणि ६५ च्या अलीकडच्या लिलावातल्या किमती काढा, फरकातून फी, जायचं-यायचं पोस्टेज, विमा वजा करा. उरत काही नसेल तर सोडून द्या.

स्वतः फोडायचं मात्र नाव काढू नका. फोडलं की तो ग्रेडही गेला आणि कंपनीची गॅरंटीही गेली, नाणं पुन्हा रॉ, म्हणजे डबीबाहेरचं, बिनग्रेडचं. मी १९४२ चा चांदीचा रुपया असाच फोडला होता, एमएस ६३ होता, ६४ नक्की मिळेल अशी खात्री होती, आणि परत आला तो नंबराशिवाय, लेबलवर ‘डिटेल्स, क्लीन्ड’, म्हणजे नाणं घासून साफ केलेलं, म्हणून नंबर नाही. नीट बघितल्यावर राजाच्या मानेमागे बारीक समांतर रेघा दिसल्या, कधीतरी कोणीतरी लक्ष्मीपूजनासाठी चिंच-रांगोळीने घासला असणार, आपल्याकडे चांदीच्या रुपयांचं हेच होतं. पहिल्या वेळी त्या रेघा नजरेतून सुटल्या होत्या आणि मी फोडला नसता तर तो आजही ६३ च असता. फार वाईट वाटलं.

तुमच्या वाघाच्या रुपयाचा एक सरळ आणि एक तिरक्या उजेडातला असे दोन फोटो पाठवा, गाल स्पष्ट दिसू दे. बघून सांगतो.